एका सर्दीला तीन औषधं

सोम., १० ऑगस्ट
ह्यांना सर्दी. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे हे एकटेच आखतात, त्यामुळे घरी बसायची सोय नाही. रामवाडीच्या मेडिकलमधून स्वतःच सर्दीच्या गोळ्या आणल्या. अंग कढत लागलं म्हणून मी तापाची गोळी दिली. बीपीची चालूच. माणूस आहात की औषधाचं कपाट, म्हटलं. हसले नाहीत.

मंगळ., ११
बापाचा खोकला फोनवर ऐकून सुजाता रोह्याहून आली, सर्दी-खोकल्याचं सिरप घेऊन. स्वतः पाजलं. लेकीच्या हातचं, थेंब सांडला नाही. मला मेलीला एवढा मान नाही.

गुरु., १३
दुपारीच घरी आले. चहा ढवळताना चमचा कपावर वाजत होता. मग म्हणाले, "हात थरथरतोय गो. डोळा ओढायला गेलो, रेघ गालावर आली." छातीत धडधड, डोळ्यांवर सारखी झापड. कुंचला फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. "वय झालं. दुसरा कोणी बघा म्हणून सांगतो मालकाला."
आमच्या लग्नाआधीपासूनचा तो हात. मी मोरीत जाऊन रडले.

शुक्र., १४
ओढून डॉ. बाईंकडे नेलं. काय काय घेता? "सर्दीची गोळी, बाकी काय नाय." मी औषधांची पिशवीच उपडी केली. बाईंनी प्रत्येक औषधामागची बारीक अक्षरं वाचली.
"अहो, तापाचं औषध तिन्हीत एकच हाय, पॅरासिटामॉल. तिप्पट चाललंय. वर गोळीत नि सिरपात नाक मोकळं करणारं आणि गुंगी आणणारं. बीपीवाल्यानं हे न विचारता घ्यायचं नाय."
बीपी चढलेलं. रक्त तपासायला घेतलं. तिन्ही बंद. वाफ, गरम पाणी. ताप आलाच तर विचारून एकच साधी गोळी. बीपीची सोडायची नाही.
हाताचं विचारलं. "औषधांनी असेल तर थांबेल. नायतर... बघू."
सुजाता फोनवर रडली. "आई, मीच गो..." गप, म्हटलं. तू, मी, तुझा बाप, तिघांनी मायेनेच केलं. पाकीट मात्र एकानेही उलटून वाचलं नाही.

रवि., १६
रिपोर्ट ठीक. बीपी उतरलं. नाक वाहतंय, वाहू दे. वाफ घेताना टॉवेलखालून कुरकुर चालते, ती ऐकायला बरं वाटतं. हाताचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. चहा ढवळतात तेव्हा मी पाठ फिरवून कान देते.

मंगळ., १८
सकाळी ट्रंक उघडी दिसली. हे पडवीत, आपल्या घरच्या छोट्या मूर्तीपुढे. मी दारातच थांबले.
एक डोळा ओढला. किती सुंदर. मग हात खाली घेतला, कुंचला धुतला.
"दुसरा?"
"उद्या. आज विचारू नको गो."
जेवणं झाली. पडवीतून तो एक डोळा बघतोय आमच्याकडे.