फेडायचं नाही म्हणे!

४ जून
फुकट! फादरांच्या बायबलच्या वर्गात आज तासभर हेच. एक ग्रीक शब्द — खारिस्मा. अर्थ म्हणे, न कमावता मिळालेलं आणि फेडता न येणारं दान. मी विचारलं, "पुढाऱ्यांचा करिष्मा तो हाच का?"
"हाच. पुढाऱ्यांनी त्याची वाट लावली."
मला काही पटलं नाही. शाळेत सिस्टरांनी काय शिकवलं? घेतलंत तर परत करा — त्याच दिवशी, स्वच्छ पुसून! जन्मभर तेच केलं मी.

७ जून
डायलिसिस. सोबत धाकटी नणंद, न बोलावता आलेली. डॉक्टर म्हणाले, आता मूत्रपिंड बदललेलंच बरं. ही बया लगेच — "वहिनी, माझ्याकडे दोन आहेत. एक घे."
"भाजी आहे का ती?"
"भाजी असती तर तू घासाघीस केली असतीस."
नर्स खो खो हसली. हसायचं काय त्यात!

८ जून
नणंदेला फोन करून सांगितलं — घेईन, पण बदल्यात माझ्या बांगड्या आणि शिवणयंत्र घ्यायचं.
"मला दुकान नाही काढायचं."
"मग मला नको."
"मग मर!"
तिने चिडून फोन आपटला. माझ्यावर! मोठ्या वहिनीवर!

१५ जून
तिचा फोन नाही. मीही केला नाही. दवाखान्यात एकटीच गेले. पाय सुजलेत.

१८ जून
फादरांना गाठून भांडले. "घेणाऱ्याने करायचं तरी काय?"
"घ्यायचं."
"एवढंच?"
"तेवढंच तर तुम्हाला जमत नाही, बाई."
आगाऊ माणूस! वय माझ्या निम्मं.
पण खरं सांगू? बांगड्या दिल्या की हिशेब मिटला, ती तिच्या घरी, मी माझ्या घरी — असंच हवं होतं मला.

१९ जून
फोन केला. "दे. मी तुला काही देणार नाही."
ती म्हणाली — "आभारही मानू नकोस. तुला शोभत नाही."
उद्यापासून तिच्या तपासण्या. आज जेवताना दोनदा वाढून घेतलं!

११ जुलै
जुळत नाही. माझं रक्त तिच्या मूत्रपिंडाशी भांडेल म्हणे — नवल ते काय! ती डॉक्टरांवर ओरडली, मग रडली. टॅक्सीत तिने माझा हात धरला. घर येईपर्यंत मी तो सोडवून घेतला नाही.