जिभेच्या कडेला

सेंट अल्बन्स, मेलबर्न
१७ मे २०२०

चि. कार्मेनास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कानांना फोन झेपत नाही आणि माझ्या हाताला लेखणी, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. ऊस कसा आहे, गुडघे कसे आहेत, सगळं कळव.

इथली बातमी वाईट आहे. आपला गिटारवाला जोर्ज गेला. ह्याच आजारानं गेला. दफनाला दहाच माणसांना परवानगी होती, आणि त्याची स्वतःचीच मुलं-नातवंडं दहाच्या वर. म्हणून मी आणि नेनू कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभे राहिलो. आयुष्यभर तो आमच्या मागे बसून वाजवत आला आणि आम्ही पुढे एकमेकांची उणीदुणी काढत गात आलो. त्याच्यासाठी दोन ओळीही म्हणता आल्या नाहीत. आपल्या बेटावरच्या माणसांच्या क्लबला तेव्हापासून कुलूप आहे. जुदिता गेली, संसार संपला, त्यानंतर माझं घर म्हणजे तो क्लबच होता, हे तुला वेगळं सांगायला नको.

किरकोळ गोष्ट एक. ऑलिव्हची बी चावली गेली आणि डावीकडची खालची दाढ फुटली. दुखत नाही, पण धारदार कड राहिली आहे, ती जिभेला घासते. नेनू फोनवर म्हणाला की जन्मभर लोकांना टोचत आलास, आता जरा स्वतःची चव घे. ह्या माणसाला दयामाया म्हणून नाही.

दाताच्या डॉक्टरकडे म्हणशील, तर आत्ता नाही. सगळं जग तोंड झाकून फिरतंय आणि मी परक्या माणसापुढे आ वासून बसू? जोर्जला कुठून लागण झाली ते अजून कुणाला ठाऊक नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझा साल्वूदादा


मकाय, क्वीन्सलँड
८ जून २०२०

ती. दादास,
कार्मेनाचा सा. न. वि. वि.

जोर्जचं वाचून दिवसभर हात कशात लागला नाही. माझ्या लग्नात त्यानं तार तुटलेली गिटार वाजवली होती आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

आता तुझ्या दाढेबद्दल. दादा, तू भित्रा आहेस. गाताना समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरतोस आणि खुर्चीत बसायचं म्हटलं की तुझे पाय लटपटतात. लहानपणी दात पडायला आला की तू कोंबड्यांच्या खुराड्यात लपायचास.

मी परवाच माझी कवळी नीट करून घेतली, म्हणून सांगते. आधी विचारून घेतात, ताप आहे का, खोकला आहे का, कुणा आजाऱ्याजवळ गेला होतात का. मग वेळ देतात. आपण गाडीतच बसायचं, आधीचा माणूस निघून गेला की ते बोलावतात. सोबत कुणी न्यायचं नाही. दारात हात स्वच्छ करायचे, मास्क खुर्चीत बसेपर्यंत काढायचा नाही. आधी औषधी पाण्यानं चूळ भरायला लावतात, फेस येतो, चव घाणेरडी असते, पण मरत नाही माणूस. खिडक्या उघड्या होत्या, दोन माणसांच्या मध्ये सगळं पुसून काढत होते. आपल्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं, खरं सांगते.

तुमच्याकडेही दवाखाने उघडलेत असं ऐकते. जा. जिभेला रोज घासणारी गोष्ट किरकोळ नसते.

ऊसतोड सुरू झाली. फड जाळतायत, हवेत राख आहे, कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत.

लोभ कमी करू नये.
तुझी कार्मेना


सेंट अल्बन्स
२३ ऑगस्ट २०२०

चि. कार्मेनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू शिव्या घातल्या असशील. जाणार होतो, खरंच. पण जुलै लागताच आधी आमचीच वस्ती बंद केली, रस्त्यांच्या तोंडाशी पोलीस उभे. मग सगळं शहरच बंद झालं. आता तर अंधार पडल्यावर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तेवढ्यात जिभेच्या कडेला एक फोड झाला. मी मिठाच्या गुळण्या केल्या, ऑलिव्हचं तेल लावलं. तो गेला नाही. चिघळला.

शेवटी नेनूनंच धरलं. फोनवर म्हणाला, साल्वू, तू प्यायला आहेस का, शब्द अडखळतायत तुझे. मी प्यायलो नव्हतो. दवाखान्यात फोन लाव, नाहीतर मी येऊन तुझ्या दारात गात बसेन आणि पोलीस आपल्या दोघांनाही नेतील, अशी धमकी दिली त्यानं.

लावला फोन. तिथल्या बाईंनी तू लिहिलं होतंस ते सगळं विचारलं. फक्त तातडीचेच रुग्ण बघतो, म्हणाल्या. मग जिभेवरचा फोड किती दिवसांचा आहे असं विचारलं, आणि मी सांगितलं. लगेच दुसऱ्या दिवशी बोलावलं.

सगळं तुझ्या पत्रातल्यासारखंच झालं. गाडीत बसलो, हात चोळले, कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावून घेतलं, घाणेरड्या चवीच्या पाण्यानं चूळ भरली. डॉक्टरीणबाई तुएत म्हणून आहेत, स्टेशनसमोरच्या व्हिएतनामी बेकरीवाल्यांची मुलगी. अंगभर झगा, तोंडावर मास्क, वर काच. मधाचं पोळं काढायला निघाल्यासारखी दिसत होती. मी तसं म्हणालोसुद्धा, आणि ती हसली. म्हणजे डोळे हसले, बाकी काही दिसतच नव्हतं.

तिनं दाढेची कड घासून गुळगुळीत केली. मला वाटलं, संपलं. मग तिनं फडक्यात जीभ धरून बाजूला ओढली आणि बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मानेखाली बोटं दाबून पाहिली. काय गं कार्मेना, ते डोळे! माणसाचं अख्खं तोंड झाकलेलं असलं ना, की डोळ्यांना खोटं बोलता येत नाही.

म्हणाली की दाढेमुळे झालं असेल तर आता बरं होईल, पण मी वाट बघणार नाही, हॉस्पिटलला आत्ता माझ्यासमोर फोन करते. तिनं केला. मी गाडीत येऊन बसलो आणि किल्ली कुठे लावायची तेच आठवेना.

आजाराची लागण मात्र झाली नाही हो. तेवढं सुखरूप पार पडलं.

आठवण असू द्यावी.
साल्वूदादा


मकाय
१ सप्टेंबर २०२०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि बॅग भरली. मग ती रिकामी केली. सीमेवरच्या चौकशीला मुलाकडून फोन करवला. तिकडे जाता येईल, पण परत येऊ देणार नाहीत म्हणे, आणि तुमच्या शहरात शिरायलाही निराळी परवानगी हवी. भाऊ आजारी आहे असं त्यानं सांगितलं. समोरची पोरगी म्हणाली, सगळ्यांचंच कुणी ना कुणी आजारी आहे. उद्धटपणानं नाही म्हणाली. रडवेली होऊन म्हणाली.

जिभेचा तुकडा काढून तपासायला नेला असेल एव्हाना. जे काय निघेल ते सरळ लिही. मला सांभाळून घ्यायचा प्रयत्न करू नकोस, मी तुझी जुदिता नाही, तुझ्याच आईची मुलगी आहे.

मऊ खा. बटाट्याचं सूप कर, अंडं सोड त्यात.

जीव तुझ्याकडे लागलेला,
कार्मेना


सेंट अल्बन्स
२० सप्टेंबर २०२०

चि. कार्मेनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सरळ लिहितो. कॅन्सर आहे. अर्धी जीभ काढणार, मानेतल्या गाठी काढणार, आणि मनगटाजवळचं मांस घेऊन जिभेच्या जागी शिवणार. परवा भरती व्हायचं आहे.

सर्जननं हे सगळं पडद्यावरून समजावलं. चांगला माणूस आहे. मी विचारलं, बोलता येईल का? सरावानं लोकांना समजेल इतपत येईल, म्हणाला. मग विचारलं, गाता येईल का? त्यावर तो खाली कागद चाळायला लागला.

काल नेनू आला. घरात घ्यायची परवानगी नाही, म्हणून व्यायामाच्या नावाखाली गिटार पाठीला लावून चालत आला आणि फुटपाथवर उभा राहिला. मी व्हरांड्यात. म्हणाला, चल, होऊन जाऊ दे सवाल-जवाब. शेजारचे आपापल्या फाटकांत येऊन उभे राहिले. समोरच्या सुदानी बाईंना आपल्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही, पण त्या खुर्ची घेऊन बसल्या.

पहिल्या फेरीत नेनू अडखळला. यमक जुळवता येईना त्याला. इतक्या वर्षांत ज्याला मी एकदाही गप्प करू शकलो नाही, तो हात जोडून म्हणाला, हरलो बाबा. कार्मेना, माझ्या अंगाची अशी आग झाली! मी ओरडलो की भीक घालायला आलास काय, नीट गा नाहीतर चालता हो. तो मास्कच्या आत रडत होता, कापड ओलं झालेलं दिसत होतं. मग त्यानं गिटार पुन्हा लावली आणि माझ्या टकलापासून माझ्या कंजूषपणापर्यंत सगळं काढलं, पूर्वीसारखं, मनापासून. सगळं मला ऐकू आलं, उत्तरही सुचलं. पक्कं उत्तर होतं, त्याला जमिनीत गाडलं असतं. पण जीभ वळली नाही. तोंडात शब्दांचा लगदा झाला. दोनदा प्रयत्न केला.

तेव्हा तो खरोखरच जिंकला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

आपल्या आईबापांसाठी मेणबत्ती लाव.
तुझा दादा


सेंट अल्बन्स
११ ऑक्टोबर २०२०

कार्मेनाताईंस,
नेनू झाराचा स. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही, चूकभूल माफ असावी. साल्वू हातात पेन धरत नाही म्हणून मीच लिहितो.

ऑपरेशन झालं, त्यातून उठला. भेटायला कुणालाही सोडत नव्हते. मी बसनं जाऊन हॉस्पिटलच्या कारपार्कात उभा राहायचो. एका नर्सबाईंनी त्याला खुर्चीवरून खिडकीशी आणलं होतं. मी हात हलवला. त्यानं पाहिलं आणि खुर्ची वळवून घेतली.

त्यानं जवळचा माणूस म्हणून माझं नाव दिलंय, त्यामुळे डॉक्टर मला फोन करतात. ताई, बातमी चांगली नाही. मानेतल्या गाठींत ते पसरलेलं होतं, आणि छातीच्या फोटोतही काहीतरी दिसतंय. पुढे किरणांचे उपचार सांगितलेत, पण बरं होण्यासाठी नाही, थोडं लांबवण्यासाठी. साल्वूनं पाटीवर लिहून दिलं, नको.

तो आता घरी आहे. मी दारात सूप ठेवून येतो. कधी आत घेतो, कधी तसंच राहतं.

तुमचं प्रेम त्याच्यावर आहे ते मला माहीत आहे. काय करू ते सांगा.
नेनू


मकाय
२० नोव्हेंबर २०२०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पहिल्या डिसेंबरला सीमा उघडणार म्हणतात. विमानाचं तिकीट काढलं. तू नको म्हणालास तरी येणार, त्यामुळे कागद फुकट घालवू नकोस.

उपचार नाकारलेस ते कळलं. नेनूवर चिडू नकोस. मी भांडायला येत नाही, पण एकदा माझ्यासाठी म्हणून हो म्हण. दादा, मी तुझ्यानंतर कुणाची धाकटी?

येतेच आहे.
कार्मेना


सेंट अल्बन्स
२६ नोव्हेंबर २०२०

चि. कार्मेनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ये. पण दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दारात तुझा चेहरा पडणार नाही.

मी खूप वाळलो आहे. मान एका बाजूला ओढली गेली आहे, लाळ गळते, सतत फडकं धरावं लागतं. पास्तिझीच्या करंज्या, चीज, काही आणू नकोस. मला पातळच गिळता येतं, आणि तू माझ्यासमोर खाणार नाहीस हेही मला माहीत आहे. तू खा. निदान वास तरी येईल घरात.

उपचारांचं बोलू नये. फुप्फुसात गेलं आहे. थोडे महिने मिळतील म्हणतात. कशासाठी, ते कुणी सांगत नाही.

तुएतबाईंचा फोन आला होता. मला बोलता येत नाही हे त्या विसरल्या असाव्यात. कसे आहात, असं विचारलं. मी बोटानं फोनवर दोनदा टकटक केली, अजून आहे म्हणून. मेमध्ये गेलो असतो तर? जूनमध्ये तू बजावलंस तेव्हा गेलो असतो तर? रोज ह्यातच दिवस उगवतो. तुझा दोष नाही, त्यांचा नाही, जोर्जचं पाहून मी घाबरलो ह्यात माझाही दोष आहे असं वाटत नाही. हेच असह्य आहे, बघ. शिव्या द्यायला समोर कुणी तरी लागतं. कुणीच नाही.

नेनू रोज संध्याकाळी आत येऊन बसतो आता. गिटार आणत नाही. मी आणू नको म्हणालो नव्हतो.

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात. आरशासमोर बसवून एकेक अक्षर म्हणायला लावतात. ओठांची अक्षरं निघतात, जिभेची निघत नाहीत. तुझ्या येण्याची तारीख कळल्यापासून मी तुझ्याच नावाचा सराव करतोय. क घशात अडकतो, र नाही, न नाही. मधला ‘मे’ तेवढा नीट येतो.

दार उघडल्यावर तेवढंच म्हणेन. तू ते पुरं नाव समज.

तुझा
साल्वूदादा