पुरे म्हणायची वेळ

प्रिय बारके,

फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच काहीतरी विनोद करतेस आणि मी पळवाट सापडल्यासारखी विषय बदलते. तीनदा असं झालं, म्हणून लिहितेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे ठाऊक आहे मला. सावकाश वाच, आणि वाचायच्या आधी साखर तपासून घे.

गेल्या आठवड्यात तुझा नवरा भेटला होता. वर्गात फळ्यावर एकच बेरीज तू तीनदा चुकवलीस, पोरं हसली, तूही हसलीस आणि हातात खडू धरूनच खाली बसलीस, हे त्याच्याकडून कळलं. तू मला सांगितलं नव्हतंस. पूर्वी साखर उतरली की तुला घाम फुटायचा, हात थरथरायचे, चिडचिड व्हायची. आता शरीर काही सांगतच नाही, आणि दंडावरचं साखर मोजणारं यंत्र ओरडेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असतो. कामावर असताना फोन वाजला तरी काळजात धस्स होतं, असं तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि धीर दिला. धीर द्यायला माझं काय जातंय.

तू नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि त्याच आठवड्यात आईने मला तुझ्या ताटाशेजारी बसवलं. ती वाढणार आणि मी मोजून 'पुरे' म्हणणार. मी बारा वर्षांची, अंगात हवालदार शिरलेला. बटाट्याच्या एका फोडीसाठी तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी पुरे म्हणायचे. एकदा तू सूड म्हणून माझ्या गणिताच्या वहीत पानोपानी 'पुरे' लिहून ठेवलंस, आणि बाईंनी मला तासभर उभं केलं. तेव्हा खूप रडले होते. आता वाटतं, तू कमीच लिहिलंस.

गंमत बघ, पोटासाठीही मी तेच करते. प्रयोगशाळेत मला पुरेबाई म्हणतात, हे तुला माहीत आहे, पण का म्हणतात ते मी कधी धड सांगितलं नाही. गेलेल्या माणसाचं स्वादुपिंड आमच्याकडे बर्फातून येतं. त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके असतात, रव्याच्या कणाहून बारीक, सगळे मिळून चमचाभरही नाहीत. ते सुटे करायला पाचक द्रव घालून कोमट भांड्यात हलवत ठेवतात. दर दोन मिनिटांनी त्यातला थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. रंग टाकला की आपले दाणे तेवढे लाल दिसतात. लवकर थांबवलं तर ते बाकीच्या मांसाला चिकटून राहतात. उशीर केला तर तोच द्रव त्यांनाही खातो. बहुतेक सुटे दिसले की मी पुरे म्हणायचं, आणि समोरचा सहकारी लगेच थंड द्रव सोडतो. मग दाणे धुऊन, मोजून एका पिशवीत भरतात आणि रुग्णाच्या यकृताच्या शिरेत थेंब थेंब सोडतात. तिथे ते रुजले तर माणसाची सुई सुटते, किंवा निदान असं न कळता कोसळणं तरी थांबतं. पेशी कोणासाठी आहेत हे आम्हाला सांगत नाहीत. कागदावर फक्त वजन आणि रक्तगट असतो.

पण ह्याच पेशींच्या यादीत तुझा नंबर लागला, त्या सकाळी तुझा फोन आला. रुग्णालयातून बोलावलंय, बॅग भरतेय, ताई, मला मोजे सापडत नाहीत, असं म्हणालीस तू. आवाजात किती वर्षांनी घाई होती, आनंदाची. तासाभराने बर्फातलं स्वादुपिंड माझ्या टेबलावर आलं. कागदावर तुझं वजन होतं, तुझा रक्तगट होता. आमचा नियम आहे की नात्यातलं माणूस असेल तर टेबल सोडायचं आणि प्रमुखांना सांगायचं. मी नाही सांगितलं. माझ्याइतका दुसऱ्या कोणाचा डोळा तयार नाही, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तुझं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला मन तयार होईना.

पाचव्या थेंबात दाणे सुटे होते. थोडे चिकटलेले होते, तेवढे नेहमीच असतात. इतर कोणाचे असते तर मी डोळे मिटून पुरे म्हटलं असतं. पण मला एकही दाणा वाया जायला नको होता. जन्मभर हिच्या ताटावर हात आडवा धरला, आज तरी भरभरून जाऊ दे, असं काहीतरी मनात आलं. सहकारी माझ्या तोंडाकडे बघत नळावर हात ठेवून उभा होता. मी सहावा थेंब बघितला, सातवा बघितला. सातव्यात लाल कडा फाटलेल्या होत्या. अति तेथे माती, आई म्हणायची. मोजले तेव्हा तुला लागणार होते त्याच्या निम्मेही भरले नाहीत. प्रमुखांनी कागदावर 'देण्यायोग्य नाही' लिहिलं आणि खाली मी सही केली. ज्या घराने आपलं माणूस गेलेलं असताना हे दिलं, त्यांचाही मी अपराध केला.

तुला रुग्णालयाचे कपडे बदलून घरी पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं की अवयवच तितकासा चांगला नव्हता. त्यांना तसंच वाटलं, कारण मी गप्प बसले. संध्याकाळी फोन करून तूच माझी समजूत घातलीस, की ताई, त्यात तू काय करणार. तोंडाशी आलेला तुझा घास मी घालवला होता आणि मी हूं हूं करत ऐकत राहिले.

काल प्रमुखांनी पुढच्या वेळीही मीच बसावं असं सांगितलं. आज सकाळी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, मला बाजूला करतील, दुसरं कोणी बसेल, आणि तुझी पाळी सुरक्षित राहील. पण बारके, दुसरं कोणी तयार नाही. तसं तयार मी कोणाला होऊच दिलं नव्हतं. चौकशी होऊन नवं माणूस तयार होईपर्यंत आमचं काम बंद राहणार आहे. सात-आठ महिने तरी. उद्या तुला रुग्णालयातून फोन येईल की यादी थांबवली आहे. ते कारण सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतेय. कारण मी आहे. खोटं बोलले तेव्हाही तुझंच नुकसान झालं आणि खरं बोलले तेव्हाही तुझंच, आणि आता माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. उद्याचा फोन घेताना एकटी राहू नकोस, नवऱ्याला घरी थांबायला सांग. मी यायला हवं की नको, ते तू ठरव.

तुला आवडो न आवडो, तुझीच,
ताई