तंबूच्या जागेचा उतार

६ नोव्हेंबर २०२१
बोरगावच्या रोडवर नागपूरची गाडी थांबली. उतरले ते सरळ माह्या संत्र्याच्या बागेत! ना विचारणं, ना पुसणं. फोटो काढले, कच्ची फळं तोडली, दाबून पाहिली, फेकून दिली. मी तोंड सोडलं तर सून हिमानी मलेच चूप करते — मामाजी, पाहुणे आहेत. कोणाचे पाहुणे?

१९ डिसेंबर २०२२
बागेत दोन खोल्या झाल्या. बोर्ड लागला, त्यावर संत्रं हसून राहिलं. संत्रं हसते काय? माहा पोरगा मयूर चादरी झटकते. माह्या बायकोच्या, सुधाच्या भाकरीचे व्हिडिओ निघून राहिले. बाईसाहेब नवं लुगडं नेसून चुलीपाशी बसतात! पस्तीस वर्षांत माह्यासाठी नाही नेसली.

१ जानेवारी २०२४
गाणे, गाणे, गाणे. डोकं फुटून राहिलं.

४ नोव्हेंबर २०२४
दिवाळी झाली नाही तोच जेसीबी आणला. बागेखालच्या खोलगट पडीत जागेवर सहा तंबू लागणार म्हणे. मी तिकडं फिरकणार नाही. तोंड पाहायचं नाही त्या तंबूचं.

१५ डिसेंबर
आजपासून बागेले ताण. दीड महिना झाडाले पाण्याचा थेंब नाही. पानं मलूल होऊन गळू लागली की मग पाणी सोडायचं, तेव्हा आंब्या बहाराची फुलं लागतात. मधात ताण तुटला तर नुसती पालवी. सात एकराचं वर्ष यावर हाय.

हिमानी म्हणते, पाहुणे विचारतात झाडं वाळून काहून राहिली, त्याईले हिरवं पाहिजे. मोटारघराची एकच चावी, ती मी तिच्यादेखत करदोड्याले बांधली; मयूरले पत्ता नाही. म्हटलं, "बागेले पाणी सोडशील तर तुह्या तंबूले काडी लावीन."

२७ डिसेंबर
तंबूतल्या एकानं विचारलं, अंकल, झाडं मेली का? दुसरा झाडाच्या बुडाशी मुतून राहिला होता. बस झालं! उद्या दाखवतो.

२८ डिसेंबर
पाहुणे सकाळीच जामसावळीले हनुमानाच्या दर्शनाले गेले. मी मोटर चालू केली, तंबूकडचा पाइप पुरा खोलला अन् सौंसरच्या बाजारात जाऊन भजे खाल्ले. लोळा आता चिखलात!

संध्याकाळी
तंबू कोरडे ठणठणीत. जेसीबीनं मुरूम टाकून ती जागा बागेहून उंच केली, अन् मी एकदाही पाहायले गेलो नव्हतो. सारं पाणी बागेत. आठशे झाडं ओली.

मयूर ओरडून राहिला, कोणं केलं? मी हिमानीकडं बोट दाखवलं. हो, दाखवलं! पाहुण्यांसमोर. म्हटलं, हिलेच हिरवं पाहिजे होतं. मयूर तिच्यावर तुटून पडला. ती माह्या कंबरेकडं पाहत होती. चावीकडं.

३ फेब्रुवारी २०२५
पालवी! पोपटी, लुसलुशीत, सात एकर. फूल शोधूनही सापडत नाही. पुन्हा ताण द्यायले थंडी उरली नाही. पाहुणे म्हणतात, क्या ग्रीनरी है.

मयूर अजून बायकोशी धड बोलत नाही. तिनं कोणाले काही सांगितलं नाही. मले तिच्या याच गोष्टीचा जास्त राग येते.

९ फेब्रुवारी
चुलीपाशी आम्ही दोघंच होतो. हिमानी म्हणाली, "मामाजी, यंदा घर तंबूवरच चालन. उद्या बारा जण येऊन राहिले. त्याईले बाग तुम्ही दाखवा. ताण म्हणजे काय, ते तुमच्याहून चांगलं कोण सांगन?" मग हात पुढं केला. मी करदोड्याची चावी सोडून तिच्या हातात दिली.

१० फेब्रुवारी
दाखवली बाग. एका बाईनं विचारलं, फुलं काहून नाही आली? काय झालं माहीत नाही — सारं सांगून टाकलं. पाइप, भजे, सुनेकडं दाखवलेलं बोट. त्याईले गंमतच वाटली. टाळ्या वाजवल्या. मागं मयूर उभा होता.