शेवटची रांग

१४ जून

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद. तुम्ही दोघं मजेत असालच. आईचे गुडघे आहेत तसेच.

तू लिहिलंस, "ताई, तू लोकांना गाडी शिकवतेस, तुला कळतं. तीन रांगांची कुठली घेऊ ते बघून कळव. पुढच्या महिन्यात तीच घेऊन येतो आणि आईला कायमची आमच्याकडे नेतो." म्हणून शोरूममध्ये जाऊन आले.

इंजिन दमदार आहे, चढावर धापा टाकत नाही. ब्रेक चोख. तिन्ही रांगा भरल्या तर डिकीत दोन बॅगा जेमतेम मावतात.

विक्रेता मला चालवायला देत होता. म्हटलं, "तुम्हीच चालवा, मी शेवटच्या रांगेत बसते."

"तिथे कोण बसतं मॅडम? लहान मुलं, नाहीतर सामान."

"आमच्याकडे आई बसते."

बिचारा वरमला. त्याचा काय दोष!

गुडघे छातीशी येतात, बाळ्या. काच उघडत नाही. आणि पुढच्या माणसाने उठून मधली सीट दुमडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

तुझ्या मेहुणीच्या लग्नाला जाताना आई अशाच शेवटच्या रांगेत होती आणि मधल्या रांगेत तुझ्या सासूबाई पाय पसरून झोपल्या होत्या. वाटेत तुम्ही चहाला थांबलात. "आई, उतरतेस?" "नको रे, उगाच त्यांची झोपमोड." तुला तेवढंच हवं होतं. दोनदा थांबलात, दोनदा तेच.

मी कार्यालयात आधीच पोचले होते. मागचं दार मीच उघडलं. आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली, उतरेना. तिचे कपडे ओले होते. मान वर करत नव्हती. आणि माझ्या मागून तू म्हणालास, "अरे देवा, सीटचं कव्हर!"

तेव्हा गप्प बसले, लग्नघर होतं. पण गिळलेलं पचलं नाही.

तर, गाडी चांगली आहे. म्हणून मीच घेतली. तू दुसरी शोध.

काल आईला घेऊनच ती आणायला गेले. सवयीने ती मागच्या दाराकडे वळली. दंडाला धरून पुढे आणली, माझ्या शेजारी बसवली.

आईला न्यायला ये, मी अडवणार नाही. फक्त आधी माझ्या गाडीतून, त्याच रस्त्याने, तेवढंच अंतर जायचं. तू शेवटच्या रांगेत. चहाला थांबू. मी विचारीन, "बाळ्या, उतरतोस?" पण सीट दुमडायला कुणी उठणार नाही. पोचलास की आईला विचार, येतेस का म्हणून.

हे मी तिला सांगितलं. सीटच्या पट्ट्याशी चाळा करत ती बाहेर बघत राहिली. वाटलं, रागावली. लेकच ना तू तिचा.

मग म्हणाली, "त्याला लिही, निघताना पाणी पिऊ नकोस म्हणावं."

कळलं असेलच.

ताई