झाकलेली दहा प्रकरणं

सोमवार, ४ मार्च

ताईच्या कम्प्युटरला नवी डिस्क बसवली. कम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे — माझाच हट्ट! तिची रेकॉर्डिंग्ज साठतात त्याच फोल्डरवर डिस्क माउंट केली, म्हणजे ते फोल्डर उघडलं की ही डिस्कच उघडणार. आता जागेची ददात नाही. ‘भाऊ असावा तर असा!’ म्हणाली. मीही फुशारलो.

मंगळवार, ५ मार्च

सकाळीच ताईचा फोन. ‘अरे, फोल्डर रिकामं आहे!’

निवृत्तीनंतरचं तिचं हे पहिलं काम. एका प्रकाशकासाठी आख्खी कादंबरी वाचून रेकॉर्ड करायची. आवाज घुमू नये म्हणून कपाटात रजया लावून, आत बसून तिने दहा प्रकरणं वाचली होती. शनिवारी द्यायची आहेत. दुसरी प्रत नाही. आधी प्रत काढ, हे मी का नाही सांगितलं? निदान आत काय आहे ते तरी बघायचं!

तिच्याकडे गेलो. म्हटलं, बहुतेक माझ्या हातून गेलं.

‘बहुतेक म्हणजे?’

‘म्हणजे... गेलंच.’

ती चक्क हसली. ‘रडत काय बसतोस? रजई धर. पहिल्यापासून वाचते.’

बुधवार, ६ मार्च

ताईची चार प्रकरणं झाली. मेहुणे दाराबाहेर पहाऱ्यावर. कुकर लावायला बंदी. मी शिंकलो. ‘गाढवा!’ — तेही रेकॉर्ड झालं.

पण मनातून जात नाही. पुसायची आज्ञा मी दिलीच नव्हती. मग गेलं कसं?

गुरुवार, ७ मार्च

दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला! भरल्या फोल्डरवर डिस्क माउंट केली की आतलं पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. टेबलावर चादर घातली म्हणून टेबल कुठे जातं? आणि हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो! घाबरल्यावर शिकलेलं सगळं पाण्यात.

अर्ध्या दाढीनिशी धावलो. ताईची नवी प्रकरणं डिस्कवर सुखरूप होती. चादर काढावी तशी डिस्क अनमाउंट केली — खाली जुनी दहाच्या दहा! मेहुण्यांनी लगेच कुकर लावला.

शुक्रवार, ८ मार्च

ताईने जुनं वाचन ऐकलं. पाचच मिनिटं. हेडफोन काढला.

‘ही कोण बाई बातम्या देतेय?’

मी हेडफोन कानाला लावला.

‘प्रकाशकाकडून आठवडा मागून घेतलाय. नवंच वाचन पुरं करते. लाव तुझी डिस्क परत त्याच्यावर.’