लाल खुणेपर्यंत ऑइल

३ मार्च, मंगळवार
गाडीने दगा दिला. तोही भर चौकात. आधी शिट्टीसारखा आवाज, मग निळा धूर, मग टकटक, मग काहीच नाही. मागच्या बसच्या ड्रायव्हरने माझ्या सगळ्या खानदानाची चौकशी केली.
नऊ वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली. छोटी असली तरी टर्बो. सिग्नल सुटला की भल्याभल्यांना मागे टाकायची. ऑइलला तर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. डिपस्टिकवर कंपनी खूण मुद्दाम वर देते, ऑइल खपावं म्हणून. मी हिच्या नेलपॉलिशने बोटभर खाली माझी लाल खूण केली आहे. आजही ऑइल लाल खुणेपर्यंत बरोब्बर होतं. म्हणजे दोष माझा नाही.
२९ला लेकीला तिच्या पहिल्या नोकरीच्या गावी सोडायचंय. सात तासांचा रस्ता. याच गाडीने सोडणार असा शब्द दिलाय. दिला म्हणजे दिला.

४ मार्च
मिस्त्रीने इंजिन बाहेर काढलं. ऑइलवाचून भाजलंय म्हणाला. मी लाल खुणेचं सांगितलं. त्याने डिपस्टिक पुसून कंपनीच्या खुणेवर बोट ठेवलं. अज्ञान, दुसरं काय.
म्हणतो, हेच इंजिन उघडून नीट करू, टर्बो तेवढा दुसरा घालू, वेळ लागेल पण काम खात्रीचं. मी एकवीस वर्षं खरेदी खात्यात आहे. 'खात्रीचं' हा शब्द माणूस कधी वापरतो ते मला चांगलं ठाऊक आहे.
निर्णय: इंजिनच बदलायचं. आणि बदलायचंच तर मोठं.
हिला बजेट विचारलं. हिने एक आकडा सांगितला. मी हसलो. ही हसली नाही.

७ मार्च, शनिवार
दोन लिटरचं इंजिन! मोठ्या सेडानमधलं. इंटरनेटवर एकाने आपल्यासारख्याच गाडीत बसवलंय. हिच्या शिवणाच्या टेपने माप घेतलं. आरामात बसतं.
मिस्त्री म्हणाला, इंजिन बसेल, पण मग रेडिएटर कुठे ठेवणार? शिवाय गिअरबॉक्स बदला, माउंटिंग बदला, वायरिंग बदला, आणि एवढं करून बॉनेट लागणार नाही ते नाहीच. बॉनेटला भोक पाडू, असं मी सुचवलं. दिसतंही स्पोर्टी. पाऊस आला तर काय, असं हिने विचारलं. या घरात एरोडायनॅमिक्सवर बोलण्यात अर्थ नाही.

१० मार्च
मेहुणा आला. याची राखाडी ऑटोमॅटिक गाडी. रस्त्यावर असते तेव्हाही उभी असल्यासारखी वाटते. म्हणतो, टर्बोचा नाद सोडा, त्याच गाडीचं साधं बिनटर्बोचं इंजिन टाका, स्वस्तात पडेल. वर, २९ला मी मोकळाच आहे, असंही म्हणाला. कुणी विचारलं होतं?
त्याच्या चहात साखर मुद्दाम कमी घातली. त्याला कमीच लागते, हे नंतर कळलं.

१४ मार्च, शनिवार
मार्ग सापडला. आपलंच मॉडेल, पण कमी चाललेलं, परदेशातून आलेलं इंजिन. बजेटमध्ये बसतं, बॉनेटही लागतं. मिस्त्री, मेहुणा आणि ही, तिघांचीही तोंडं एका दमात बंद.
गॅरेजवर गेलो तर मिस्त्री जेवायला गेलेला. कोपऱ्यात जुनं इंजिन पोत्याखाली पडलेलं. ते तिथे आहे तोवर तो दुरुस्तीची टकळी लावणारच. गल्लीतून भंगारवाला चालला होता, त्याला देऊन टाकलं. किरकोळ पैसे आले, पण विषय संपला. माणूस फारच गोड. त्याच्या साडूचं सेकंडहँड इंजिनांचं गोदाम आहे म्हणे. पत्ताही त्याने देऊन ठेवला. योग असतात!

१८ मार्च
ऑफिसातून हाफ डे. गोदाम पाहिलं. आणि ते पाहिलं.
नखशिखांत चंदेरी रंग. कालच कंटेनरमधून उतरलंय, असं साडू म्हणाला. एका वयस्कर डॉक्टरीणबाईंची गाडी होती, दवाखाना ते घर एवढीच चालली. इंजिन नंबराच्या जागीसुद्धा रंग दिलेला. म्हणजे बघा, किती काळजी! कागद नाहीत म्हणून सूट होती. ती मी घासाघीस करून वाढवून घेतली. साडूने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. बिचाऱ्याला रडू आलं असावं. धंद्यात दयामाया नसते.

२१ मार्च, शनिवार
इंजिन बसायला लागलं. मिस्त्री बुचकळ्यात. प्रत्येक बोल्ट आपल्या जागी, प्रत्येक पाइप आपापल्या तोंडाशी. कुठे घासणं नाही, कुठे ठोकणं नाही. इतकं कसं बसतंय, असं दोनदा म्हणाला. याला निवड म्हणतात.
जुनं इंजिन कुठे, असं त्याने विचारलं. भंगारात दिलं म्हटल्यावर कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. मत्सर वाईट.

२४ मार्च
आज मन भरून आलं. ऑइल पाहायला डिपस्टिक ओढली, तर कंपनीच्या खुणेखाली बोटभर लाल खूण! कुठली कोण ती परदेशातली डॉक्टरीणबाई, आणि विचार किती जुळावेत!
डिपस्टिक फडक्यात गुंडाळून घरी आणली, हिला दाखवायला. हिने ती उजेडात धरून पाहिली. मग आत गेली, नेलपॉलिशची बाटली आणली आणि शेजारी धरली. रंग तोच. मी म्हटलं, बघ, चांगला माल जगभर मिळतो.
हिने डिपस्टिक परत फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. पटलं असावं.

२६ मार्च, गुरुवार
आज स्टार्ट केली. ही मुद्दाम गॅरेजवर आली होती. हातात गाडीचे कागद. का, ते कळेना.
शिट्टी. निळा धूर. टकटक.
मिस्त्रीने इंजिन बंद केलं आणि नंबराच्या जागचा चंदेरी रंग खरवडला. एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला. ही कागदावर बोट ठेवून जुळवत गेली. शेवटचा आकडा दोघांनी एकदमच म्हटला.
माझंच इंजिन. मीच विकलेलं. मीच घासाघीस करून आणलेलं.
विश्वासघात! भंगारवाल्याने केला, साडूने केला. गोदामाला कुलूप, फोन लागत नाही. मिस्त्रीनेही केलाच, नेमका त्याच दिवशी जेवायला कशाला जायचं? आणि हिला मंगळवारीच कळलं होतं, तर बोलायला काय झालं होतं? सांगून तुम्ही ऐकलं असतंत का, असं तिने विचारलं. हे काही उत्तर नाही.

२७ मार्च
ऑफिसात रजेचा अर्ज. कारण: तब्येत.
संध्याकाळी लेकीला सांगायचं होतं. वाक्य जुळवून गेलो. तांत्रिक अडचणीमुळे थोडा बदल करावा लागतोय, असं. ती बॅग भरत होती. म्हणाली, बाबा, काळजी करू नका, मामा येतोय. मी त्याला तीन तारखेलाच फोन केला होता.
तीन तारखेला. गाडी बंद पडली त्याच दिवशी. म्हणजे मी माप घेत होतो, नेट धुंडाळत होतो, गोदामं पालथी घालत होतो, तेव्हा या घरात सगळ्यांना २९चं माहीत होतं. मी सोडून.
इंजिनाचं सोसलं. हे लागलं. जेवलो नाही.
मग ती येऊन शेजारी बसली. तुम्ही रोज एक नवीन इंजिन घेऊन घरी यायचात, इतके खूश असायचात, मला सांगवलंच नाही, म्हणाली. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता.

२९ मार्च, रविवार
मेहुण्याच्या गाडीत, मागच्या सीटवर. मांडीवर लेकीची गादी, गादीवर तिचा टेबल फॅन. सात तास. समोरचं काही दिसलं नाही. गाडीला आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. बोलायला विषयच नाही.
वाटेत थांबलो तेव्हा मेहुण्याने बॉनेट उघडलं. जरा ऑइल बघता का, तुम्हाला त्यातलं कळतं, म्हणाला. टोमणा असेल म्हणून त्याचा चेहरा नीट पाहिला. टोमणा नव्हता. डिपस्टिक ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. लेक शेजारी येऊन उभी राहिली. ठीक आहे ना बाबा, असं तिने विचारलं. कंपनीच्या खुणेपर्यंत होतं. ठीक आहे म्हटलं.
तिची खोली चौथ्या मजल्यावर. गादी मीच वर नेली, कुणाला हात लावू दिला नाही. निघताना तिने मला घट्ट धरलं. न्यायला कोण येणार, ते तिने विचारलं नाही. मीही शब्द दिला नाही.
परतीच्या वाटेवर ही म्हणाली, नेलपॉलिश संपत आलंय, नवीन घ्यायला हवं. मी म्हटलं, घे. पण लाल नको.